शेजारी कोण झोपतं?

७८६

सदर बाजार, कोल्हापूर
११ जानेवारी १९८५

रोशनबीस मौलाचा सलाम. बाबालालभाईंनाही सलाम, कारण हे पत्र तेच तुला वाचून दाखवणार. नजीराभाभींना आणि पोरांना दुवा.

इकडं थंडी कडाक्याची आहे. शेजारच्या अक्कांची म्हैस व्याली. त्यांनी वाटीभर खरवस पाठवला आणि "रोशन असती तर दोन वाट्या दिल्या असत्या" असं वर ऐकवलं. दारातली मेंदी वाढून रस्त्यावर आली आहे. गल्लीतल्या पोरी पानं तोडून नेतात, मी नेऊ देतो. बोलायला आपली घरची बोली बरी, पण कागदावर मला मराठीच येते, शाळा तेवढीच झाली. तेव्हा लिहिण्यात काही कोरडं वाटलं तर तो माझ्या शाळेचा दोष समज.

ट्रक सुटल्यापासून मी कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात बसतो. तासानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं. काम हलकं आहे, पण तेही जमत नाही. बसल्या जागी डोळा लागतो. परवा एक पावणा सायकल परत करायला आला, तर मी हवेच्या पंपावर डोकं टेकून झोपलेला. त्यानं हाका मारल्या म्हणे. शेवटी भाड्याचे पैसे माझ्या तळहातावर ठेवले, माझी मूठ मिटवली आणि गेला. समोरचा न्हावी हे सगळ्यांना सांगत सुटलाय.

हसण्यासारखं आहे, पण सकाळी उठल्यावर डोकं असं ठणकतं की हसू येत नाही. पायावर सूज येते. उजव्या बरगडीखाली काहीतरी जड बांधून ठेवल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून मी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पोट चाचपलं, रक्त तपासलं, लिव्हर वाढलंय म्हणाले आणि विचारलं, "दारू कधीपासून पितोस?"

मी म्हटलं, "जन्मात थेंब घेतलेला नाही."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

बाबालालभाई, हे तुम्हीच वाचताय म्हणून तुम्हाला सांगतो. मुरगूडकडून गूळ भरून येताना नृसिंहशेठचा ट्रक वळण सोडून उसात गेला आणि माझा क्लीनर जोतीराम याचा पाय मोडला, त्या दिवशीही मी प्यालो नव्हतो. शेठनं कामावरून काढलं तेव्हा मी हेच सांगितलं. तुम्ही बहिणीला न्यायला आलात तेव्हा तुमच्यासमोर कुराणावर हात ठेवून हेच सांगितलं. आता लिव्हरही माझ्याविरुद्धच साक्ष द्यायला उठलंय म्हटल्यावर मी गप्प बसणार होतो. पण जोतीराम मला ओढून शाहूपुरीत एका नव्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. हेरवाडकर म्हणून आहेत, तरुण आहेत, मुंबईहून शिकून आलेत. जोतीराम अजून लंगडतो. तरी त्यानं माझा हात धरला होता.

तिथं बाकावर बसलो आणि झोपलो. कंपाउंडरनं नंतर सांगितलं की डॉक्टर केबिनमधून बाहेर येऊन बराच वेळ माझ्यासमोर उभे होते. आत बोलावल्यावर त्यांनी पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "घोरता?"

"लोक म्हणतात."

"रात्री शेजारी कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"घरची?"

"माहेरी, हुपरीला असते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग झोपेत तुमचा श्वास थांबतो की नाही, हे मला सांगणार कोण? तुम्ही तर झोपलेले असता."

त्यांचं म्हणणं असं. लिव्हर म्हणजे आपण कलेजी म्हणतो ती. माझ्या कलेजीत चरबी साठलीय. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, असं आता बाहेरदेशी काही डॉक्टर लिहायला लागलेत. माझं वजन हे एक कारण असेल. पण झोपेत श्वास अडकून रक्तातली हवा कमी पडत असली, तर त्याचाही काही हात असेल की काय, असं त्यांना वाटतं. खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आधी श्वासाचं काय ते कळायला हवं.

मी अक्कांना विचारलं. मधे एकच भिंत आहे. त्या म्हणाल्या, "तुझं घोरणं मला ऐकू येतंय की! मधी मधी थांबतं, तवा आमी म्हणतो सुटलो बाबा. श्वासाचं काय ते मला न्हाय ठावं."

रोशन, तू माझ्याशेजारी चौदा वर्षं झोपलीस. झोपेत माझा श्वास थांबलेला तू कधी पाहिलास का? हो की नाही, एवढंच भाईंकडून लिहून पाठव. दुसरं काही मागत नाही.

मौला हुसेन मुजावर

* * *

सदर बाजार, कोल्हापूर
३ मार्च १९८५

रोशन,

तुम्हा दोघांची पत्रं मिळाली. आधी भाईंचं कार्ड आलं. 'रोशनबी म्हणते श्वास थांबत होता. बाकी ठीक.' एवढंच. आठ दिवसांनी पाकीट आलं, त्यावरचं अक्षर मी ओळखलं नाही. तुला लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. नजीराभाभींच्या पोरीच्या पाटीवर परत गिरवून शिकलीस, हे वाचून बरं वाटलं. आता मीही हे पत्र तुझ्याच नावानं टाकतोय.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, 'तुमचा दम थांबायचा. छाती हलायची पण नाकातोंडातून काही नाही. मी तुमच्या तोंडासमोर हात धरून बसायचे. मग एकदम मोठा आवाज होऊन दम परत यायचा, की मी हात खाली घ्यायचे. तोवर परत थांबायचा. मला वाटायचं, आज नाही येणार.'

आणि खाली, 'मी दारूमुळं नाही गेले. तुमच्या तोंडाला वास कधी आला नाही. भाईला दारू वाटली. मी नाही म्हटलं नाही.'

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पत्र कोनाड्यात टाकलं आणि दुकानात गेलो, आणि त्या दिवशी मला झोप आली नाही, एवढा राग आला. मी भाईंसमोर हात ठेवून शपथ घेत होतो तेव्हा तू दाराआड उभी होतीस. तुझ्या ओढणीचा काठ मला दिसत होता. गल्लीनं मला दारुडा म्हटलं. मशिदीत माझ्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली. तू एक शब्द बोलली असतीस तर भाईंनी ऐकलं असतं.

पण मग मी विचार केला, तू काय सांगितलं असतंस? नवरा झोपला की मला भीती वाटते, म्हणून मला माहेरी न्या? असं सांगून कुणी बाई घराबाहेर पडते का? लोक हसले असते. दारू म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आणि तू मला सांगितलंच नव्हतंस असंही नाही. लग्नानंतर लवकरच एकदा तू मला हलवून उठवलं होतंस आणि म्हणाली होतीस, "तुम्ही गुदमरत होता." मी हसलो होतो. पुढं पुढं तू हलवलंस की मी चिडायचो, हात झटकायचो. मग तू हलवणं सोडलंस. मला वाटलं, तुला सवय झाली.

डॉक्टरांना तोंडी सगळं सांगितलं. ते इतके खूष झाले की मला त्यांचाच राग आला. म्हणाले, "हेच! अगदी हेच!" मग त्यांनी कागदावर माणसाचं तोंड काढून दाखवलं. झोपेत घशातलं मांस सैल पडतं आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढत राहते, आत काही जात नाही. मग मेंदू दचकून जागा करतो, माणूस एक श्वास घेतो, आणि परत तेच. मला त्या जागं होण्याचा पत्ताही नसतो. "तुम्ही कित्येक वर्षं खरे झोपलेलेच नाहीत," असं म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझी नोकरी झोपेनं गेली, बायको झोपेनं गेली, आणि तुम्ही म्हणता मी झोपलोच नाही?"

ते हसले नाहीत.

उपाय सांगितला तो असा. बाहेरदेशी नाकातून हवा सोडायचं कसलंसं यंत्र काढलंय, पण ते इकडं यायला वर्षं लागतील. माझं थांबण्यासारखं नाही, हृदयावर ताण आलाय. वजन उतरवायचं ते आहेच. पण आत्ता घशाला खालून भोक पाडायचं आणि नळी बसवायची. दिवसा नळीला बूच किंवा बोट लावलं की बोलता येतं. रात्री बूच काढायचं, म्हणजे श्वास वरच्या वाटेनं जातच नाही, सरळ गळ्यातून आत जातो. ऑपरेशन मिरजेला. तिथंच सुईनं लिव्हरचा तुकडाही काढून बघणार आहेत.

एकच अडचण आहे. नळीत कफ साठतो, तो काढावा लागतो. रात्री नळी भरली आणि जवळ कुणी नसलं तर उपायच जिवावर बेतायचा. म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पहिले काही महिने घरात माणूस असल्याशिवाय मी तुम्हाला मिरजेला पाठवणार नाही. कोण आहे ते ठरवून या."

त्याची सोय होईल. जोतीराम आहे, पण त्याची म्हातारी सध्या आजारी आहे. अक्का म्हणाल्या, "मी बघीन की," पण त्यांचं वय झालं. काहीतरी होईल. तू काळजी करू नकोस. तुला मी हे सहज कळवलं.

रमजानच्या आधी उरकायचं म्हणतात. दवाखान्यानं सतरा एप्रिल दिलीय. तारीख आपली लिहिली, उगाच.

मौला

* * *

मिरज
२९ एप्रिल १९८५

रोशन,

मला अजून बोलता येत नाही, म्हणून लिहिण्याचं सुचलं. गळ्यावर पट्टी आहे, नळी आहे, आणि मी जिवंत आहे. आधी हे.

सोळा तारखेला मी एकटाच एस्टीनं आलो. हेरवाडकर डॉक्टरांना खोटं सांगितलं की माणूस मागून येणार आहे. वॉर्डात खाटेवर बसून दाराकडं बघत होतो. कोण येणार होतं, मला सांगता आलं नसतं. दिवस कलताना दारात वळकटी दिसली, आणि वळकटीमागं बाबालालभाई.

मी उठून उभा राहिलो. भाई वॉर्डातल्या सगळ्यांशी मराठीत बोलतात, माझ्याशीही तसंच बोलले. वळकटी खाटेखाली सारली आणि म्हणाले, "बस खाली. तिला पाठवायचं न्हाई, म्हणून मी आलोय."

मी विचारलं, "तिनं सांगितलं?"

"तिनं सगळंच सांगितलं. मागच्या आठवड्यात. दारूचंबी."

एवढं सांगून ते जमिनीवर सतरंजी टाकून बसले आणि मला म्हणाले, "झोप. बघू तरी."

मी झोपलो. मला काय, डोकं टेकायचाच उशीर. सकाळी उठलो तर भाई तसेच बसलेले, पाठ भिंतीला, डोळे लाल. माझ्याकडं बघून म्हणाले, "मौला, तू मरत हुतास आन परत येत हुतास. रातभर. दोनदा नर्सला हाक मारायला उठलो." थोड्या वेळानं म्हणाले, "चौदा वर्सं बसली व्हय रं ती हे बघत?"

मला कुठं माहीत होतं?

मग ते बाहेर जाऊन चहा घेऊन आले. ऑपरेशनच्या आधी काही घ्यायचं नाही असं नर्स म्हणाली, तर त्यांनीही तो चहा ओतून टाकला. माफी वगैरे काही मागितली नाही. मला नकोही होती.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. नळी बसवल्यावर इथले डॉक्टर म्हणाले, आतली नळी काढून धुवायची, परत घालायची. भाईंनी चांदी पारखतात तशी ती हातात घेतली, उजेडात धरली, नखानं टिचकी मारली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही चांदी न्हवं. जर्मन शिल्वर हाय." डॉक्टरसुद्धा हसले. पण तेव्हापासून ती धुवायचं काम भाईच करतात. हुपरीत घरी चांदीचे पैंजण उजळतात तसं ब्रशनं घासतात आणि फुंकर मारून आरपार बघतात. नर्स म्हणते, या वॉर्डात एवढी लखलखीत नळी दुसरी नाही.

आता झोपेचं. रोशन, तिसऱ्या रात्री दुखणं कमी झालं आणि मी झोपलो. सकाळी डोळे उघडले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. आधी मला कळेनाच की काय कमी आहे. बाहेर कावळे ओरडत होते, कुणीतरी बादली ओढत नेत होतं, आणि प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता. माझ्या आणि जगाच्या मधे एक ओली गोधडी होती, ती कुणीतरी काढून नेली. मी बेचाळीस वर्षांचा आहे. सकाळ अशी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटत असेल, याला माहीतच असणार.

त्या दिवशी मी दुपारभर जागा होतो. खिडकीतून बाहेरचं चिंचेचं झाड बघत बसलो. दुसरं काही नाही, नुसता जागा.

डॉक्टरांनी मला पाटी दिलीय. मी तिच्यावर लिहिलं, 'रोशन?' आणि भाईंसमोर धरली. त्यांनी वाचलं, आणि तळहातानं पुसलं.

"यायची न्हाई ती," म्हणाले. "रडली. पर यायची न्हाई. तिला इचारू नगंस."

मी मान हलवली. पाटीवर दुसरं काय लिहायचं ते सुचेना, म्हणून 'चहा' लिहिलं.

लिव्हरचा तुकडा तपासून आला. चरबीच आहे, आणि थोडी सूज. दारूचं काही दिसत नाही असं लिहिता येत नाही, कारण दुर्बिणीखाली दोन्ही सारखंच दिसतं म्हणे. पण डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो." असं मला बऱ्याच दिवसांनी कुणी म्हटलं.

भाई महिनाभर कोल्हापुरात माझ्याजवळ राहणार आहेत. त्यांचं काम मागं पडतंय. नजीराभाभींना सांग, मी विसरणार नाही.

तू पत्र लिहिलं नसतंस तर डॉक्टरांना काही कळलं नसतं. हे मला पहिल्यांदा लिहायचं होतं, ते शेवटी आलं.

मौला

* * *

सदर बाजार, कोल्हापूर
२० सप्टेंबर १९८६

रोशन,

वर्षभरात तुझी चार पत्रं आली आणि माझी दोनच गेली. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तसं काही नव्हतं. लिहायला बसलो की एकच वाक्य पुढं यायचं, आणि ते लिहायचं नाही म्हणून कागद तसाच राहायचा.

आधी बाकीचं लिहितो. भाई गेल्यावर जोतीराम माझ्याकडं राहिला, हे तुला माहीत आहेच. रात्री खोकल्याचा आवाज बदलला की तो उठायचा. दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं आणि तो गावी गेला. तोवर मी आरशात बघून स्वतःचं स्वतः करायला शिकलो होतो. नृसिंहशेठ एकदा दुकानावर आले होते. गोदामात हिशेबाला बस म्हणाले. जोतीरामनं त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक. मी नको म्हटलं. सायकलींचं बरं आहे. आता एकही सायकल चुकत नाही, आणि न्हाव्याला सांगायला काही उरलं नाही.

वजन बरंच उतरलंय. तुझ्या भावाचा सदरा मला बसेल. मागच्या आठवड्यात हेरवाडकर डॉक्टरांनी परत रक्त तपासलं, पोट चाचपलं. बरगडीखाली बोटं घालून शोधत राहिले. म्हणाले, "सापडत नाही!" लिव्हर मागं सरकलंय, रक्तातले आकडे जवळजवळ सरळ झालेत.

मी विचारलं, "झोपेनं झालं का हे?"

त्यांनी तपासणीचा कागद परत एकदा वाचून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मला आवडेल तसं म्हणायला. पण वजनही उतरलंय. कशानं किती झालं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. कदाचित पुढं कुणीतरी सांगेल."

मी म्हटलं, "काही हरकत नाही." त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांची समजूत काढावीशी वाटली.

तो कागद खिशात घालून बाहेर पडलो आणि घरी न जाता सरळ स्टँडवर गेलो. हुपरीची गाडी लागलेली होती. गळ्याभोवती मफलर होता. ऊन असलं तरी तो घालतो, नाहीतर लोक बघत राहतात. शेजारच्या बाईनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि ते एक वाक्य जुळवत होतो. बोलताना मला भोकावर बोट धरावं लागतं आणि आवाज घोगरा येतो. तुला तो आवाज अजून ऐकवलेला नाही. म्हणून वाक्य लहान हवं होतं.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. भाईंना मी नको म्हटलं होतं. पण मी त्या दिवशी तुमच्या दारात आलो होतो.

दुपार होती. पुढच्या सोप्यात तू भिंतीकडेला चटईवर आडवी झालेली होतीस. मांडीवरची पैंजणाच्या कड्यांची थाळी शेजारी सरकवलेली, चिमटा अजून हातात. भाई आत भट्टीपाशी होते. त्यांनी मला बघितलं, उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उठवू?"

मी गळ्याला बोट लावलंच नाही. नुसती मान हलवली, नको म्हणून.

ते म्हणाले, "झोपती आता ही. आली तवा न्हवती झोपत. डोळा लागला की दचकून उठायची आन बाजूला हात फिरवायची. नजीरा तिच्याजवळ झोपायची, तर नजीराच्या तोंडासमोर हात धरून बसायची. वरीस गेलं त्यात. मग कुठं झोपाय लागली."

नजीराभाभींनी चहा दिला. मी उंबऱ्यापाशी बसून तो प्यालो.

रोशन, चौदा वर्षांत मी तुला झोपलेली कधीच पाहिली नव्हती. मी आडवा व्हायचो तेव्हा तू जागी, मी उठायचो तेव्हा तू चुलीपाशी. तू झोपतेस कशी हे मला ठाऊकच नव्हतं. तू कुशीवर झोपतेस. एक पाय पोटाशी घेतेस. तोंड जरासं उघडं असतं. कपाळावर आठी नसते. ती आठी तुला जन्मापासून आहे असं मी समजत होतो.

मी तुझ्या श्वासाकडं बघत बसलो. एकदाही अडकला नाही.

किती वेळ बसलो माहीत नाही. पण एवढं कळलं, की नुसतं बघत बसणंसुद्धा किती जड असतं. तुझं तर सगळं नीट चाललेलं होतं, तरी मी पुढच्या श्वासाची वाट बघत होतो. तू माझ्या श्वासाची वाट बघायचीस तेव्हा तो यायचा नाही.

मग उठलो. भाईंनी स्टँडपर्यंत सोबत केली. वाटेत म्हणाले, "तू इचाराय आलतास न्हवं?" मी मान हलवली. "मग?" मी पुन्हा मान हलवली, या वेळी नाही म्हणून. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत काढला नाही.

ते वाक्य आता लिहितो, म्हणजे ते संपेल. मला विचारायचं होतं, की मी आता घोरत नाही, गुदमरत नाही, माझ्याशेजारी कुणीही झोपावं असा झालोय, तर तू परत येतेस का?

हे मी विचारत नाही. भाई म्हणाले होते विचारू नकोस, तेव्हा मला वाटलं होतं की ते तुझ्या बाजूनं बोलतात. ते तुझ्या झोपेच्या बाजूनं बोलत होते. माझी नळी रात्री वाजते. कफ आला की शिट्टीसारखा आवाज होतो. दुसऱ्या कुणाला तो काहीच नाही, अक्का तर म्हणतात, "आता शेजारी माणूस ऱ्हातं का न्हाई त्येच कळंना." पण तू असतीस तर त्या एका शिट्टीला उठून बसली असतीस, आणि मग उजाडेपर्यंत तशीच. मला झोप मिळाली ती तू दिलेल्या साक्षीनं. तुला मिळाली ती इथून निघून गेल्यानं. माझ्यासाठी ती परत घालव, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

घर मोठं वाटतं, हे खरं आहे. पूर्वी वाटायचं नाही, कारण पूर्वी मी घरात असून जागा नसायचो. आता संध्याकाळ लांबलचक असते. भाकरी करतो, जेवतो, भांडी घासतो, तरी ती उरतेच. जागं राहण्याची ही बाजू डॉक्टरांनी सांगितली नव्हती. सवय होईल.

कधी वाटलंच, तर सकाळच्या एस्टीनं ये. दुपारी दोघं जेवू. अक्कांकडं बस, गल्लीत हिंड, आणि माझा नवा आवाज ऐकून हसायचं असेल तर हस. संध्याकाळच्या गाडीत मी तुला स्वतः बसवून देईन. रात्रीचं मी काही बोलत नाही.

आणि आलीच नाहीस तरी पत्र लिहीत जा. तुझं अक्षर सुधारलंय.

भाईंना आणि नजीराभाभींना सलाम. तुला दुसरी काय दुवा देऊ? रोज गाढ झोप लागो.

तुझा
मौला